गोळी लागू पडतेय का? आधी किती वाजता बघितलं ते सांगा

तासगाव भागातल्या एका आईनं विचारलंय. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता, उतावळेपणा) निदान झालंय. तीन आठवड्यांपासून मिथाइलफेनिडेटची १० मिलिग्रॅमची साधी गोळी रोज सकाळी साडेसातला दुधाबरोबर सुरू आहे, कारण त्यानंतर आईवडील दोघंही द्राक्षबागेत जातात. शाळा साडेदहाला भरते, पाचला सुटते. वर्गशिक्षिका म्हणतात, पहिल्या तासाला बरा बसतो, मग पहिले पाढे पंचावन्न. आईला संध्याकाळी काडीचा फरक दिसत नाही, चिडचिड मात्र दिसते. आणि आजी म्हणतात, पोरगं गप्प गप्प झालंय, जेवत नाही, बंद करा ती गोळी. आईचा प्रश्न असा: तिघी तीन गोष्टी सांगतायत, खरं कुणाचं मानू? औषध लागू पडतंय की नाही हे ठरवायचं कसं?

ताई, तिघींचंही खरं आहे. एकाच मुलाकडे तिघी दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी बघताय, एवढंच. या औषधाच्या बाबतीत ‘काय दिसलं’ याच्याइतकंच ‘किती वाजता दिसलं’ हे महत्त्वाचं असतं, आणि नेमकं तेवढंच कुणी लिहून ठेवत नाही. सांगलीत अनेक वर्षं मी ही मुलं बघतेय. ‘औषधाचा काही उपयोग नाही’ म्हणत येणाऱ्या पालकांची कहाणी नीट ऐकली, की बऱ्याचदा कळतं की एकतर गोळी देण्याची वेळ चुकतेय, नाहीतर बघण्याची.

साधी म्हणजे कमी वेळ टिकणारी मिथाइलफेनिडेटची गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते, दीड-दोन तासांनी तिचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि चारएक तासांत ती ओसरते. ती शरीरात साठून राहत नाही. आज दिलेल्या गोळीचा उद्या काही संबंध नाही. ‘महिनाभर घेतली की हळूहळू गुण येईल’ असं या औषधाचं नसतं. त्या त्या डोसला गुण यायचा असेल तर तो त्याच दिवशी, त्या चार तासांत दिसतो.

आता तुमच्या घरचं घड्याळ लावून बघा. साडेसातची गोळी सव्वाआठला लागू होते. नऊ-साडेनऊला तिचा जोर सगळ्यात जास्त, आणि तेव्हा घरात फक्त आजी. म्हणून गप्पपणा त्यांनाच दिसतो. शाळेत जाण्याआधीचं जेवणही त्याच वेळचं, आणि या औषधानं भूक मरते ती नेमकी या तासांत. साडेदहाला शाळा भरते तेव्हा औषध उताराला लागलेलं असतं, बाईंना शेपूट तेवढं मिळतं. म्हणजे पहिला तास. साडेअकरानंतर मुलगा औषधाविनाच बसलेला असतो. तुम्ही सहा वाजता बागेतून येऊन त्याच्याकडे बघता तेव्हा ती गोळी संपून सहा तास झालेले असतात. संध्याकाळी दिसतं ते औषधाचं अपयश आहे असं मला वाटत नाही. सकाळी नीट न जेवलेला, दिवसभर शाळेत ओरडा खाल्लेला आठ वर्षांचा मुलगा सहा वाजता जसा असेल तसा तो असणार.

गोळी बंद करण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी एक साधा बदल बोला: वेळेचा. सकाळी उठल्यावर दूध, साडेनऊला भाजी-भाकरी पोटभर, आणि पावणेदहा-दहाला निघताना गोळी. मग साडेदहा ते दीड-दोन हा शाळेचा मोठा भाग औषधाखाली येईल. मधल्या सुट्टीनंतर गणिताचा किंवा भाषेचा तास असेल तर दुसरा छोटा डोस लागेल, किंवा आठ ते बारा तास टिकणारी लांब पल्ल्याची गोळी घ्यावी लागेल. ते डॉक्टर ठरवतील. (लांब पल्ल्याची गोळी कधी मोडून किंवा चुरडून देऊ नका, सगळं औषध एकदम सुटतं.) शाळेत दुपारची गोळी द्यायची तर कोण देणार, कुठे ठेवणार, हे बाईंशी आधी ठरवा. मुलाच्या दप्तरात गोळ्या ठेवू नका. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी वेळही सकाळची करावी लागेल, हे लक्षात राहत नाही.

यात आजींचं पटणं फार गरजेचं आहे, कारण पावणेदहाची गोळी त्याच देणार. त्यांचं निरीक्षण मला या सगळ्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं. त्या औषधाच्या ऐन जोराच्या वेळी नातवाकडे बघतायत आणि त्याचा स्वभाव त्यांना पाठ आहे. त्यांना एवढंच विचारा: गप्प म्हणजे कसा गप्प? हाक मारली तर ओ देतो, विचारलं तर नीट सांगतो, कुत्र्याशी खेळतो, पण आधीसारखा सारखा उड्या मारत नाही, असा? मग चिंता नको. की शून्यात बघत बसतो, चेहऱ्यावर हसू नाही, आवडत्या गोष्टीतही लक्ष नाही, ‘हा आपला नाहीच’ असं वाटतं? तसं असेल तर डोस त्या मुलाला जास्त होतोय. तो कमी करायचा, चालवून घ्यायचं नाही. मुलगा निपचित बसला म्हणून वर्ग खूश झाला, तर त्याला मी गुण आला म्हणत नाही. आपल्याला तोच मुलगा हवाय, हातातलं काम पुरं करू शकणारा.

आणि तुम्ही स्वतः एकदा औषध काम करत असताना त्याला बघा. डॉक्टरांनी रविवारीही गोळी सांगितली असेल तर न्याहारीनंतर नऊला द्या आणि साडेदहा ते साडेअकरा त्याच्याजवळ बसा. शाळेत देतात तसलंच काम द्या, मोबाईल किंवा कॅरम नको. टीव्ही आणि गेममध्ये या मुलांचं लक्ष औषधाशिवायही लागतं, त्यावरून काहीच कळत नाही. दहा ओळी शुद्धलेखन, सहा गणितं, एक धडा मोठ्यानं वाचणं. संध्याकाळी सातला तेवढंच, तसलंच काम पुन्हा द्या. दोन्ही वेळी किती वेळ लागला, किती वेळा उठला, तुम्हाला किती वेळा सांगावं लागलं, ते लिहा. संध्याकाळचा थकवा धरूनही या एका रविवारच्या नोंदीतून मला पुष्कळ कळतं.

शाळेची वही हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. पालकांना मी नेहमी सांगते, फाईल विसरलात तरी चालेल, वह्या आणा. मिरजेचा चौथीतला एक मुलगा आठवतो. गणिताची चौकटीची वही. औषधाआधीच्या पानावर पहिल्या दोन बेरजा चौकटीत, तिसरीत आकडे घर सोडून खाली घसरलेले, चौथीत हातचा घ्यायचाच राहिलेला, पाचवी अर्धी, आणि खाली ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट, अगदी सुरेख. पहिल्या डोसवर पानं साधारण तशीच, फक्त ट्रॅक्टर गेलेला. डोस वाढल्यावर पान शेवटपर्यंत भरलेलं, हातचे घेतलेले, दोन गणितं चुकलेली पण केलेली. मग आणखी एक पायरी वाढवली तेव्हाचं पान बघण्यासारखं होतं: अक्षर मोत्यासारखं, पण गणितं चारच, आणि दोन ठिकाणी खोडरबरानं घासून कागद फाटलेला. तो एकेक आकडा पुनःपुन्हा खोडून नीट काढत बसला होता. घरच्यांना ते पान सगळ्यात चांगलं वाटलं होतं. मला त्यात डोस जास्त झाल्याचं दिसलं. लक्ष इतकं आवळलं गेलं की ते सोडून पुढे जाणं त्याला जमेना. एक पायरी खाली आलो आणि तोच त्याचा डोस ठरला. कागदावर चारही टप्पे तारखांसकट होते म्हणून हे दिसलं, नाहीतर ‘बरं वाटतंय’ यापलीकडे कुणाला काही सांगता आलं नसतं.

बाईंकडून माहिती घेताना ‘कसा आहे?’ असं विचारू नका. चाळीस मुलांच्या वर्गात त्यांना तेवढी सवड नसते, आणि उत्तर ‘बरा आहे’ असंच येतं. तीन नेमक्या गोष्टी विचारा: तासात दिलेलं काम पुरं केलं का, जागेवरून किती वेळा उठला, दुसऱ्यांच्या मध्ये किती वेळा बोलला. आणि हे दोन वेळचं, एक पहिल्या-दुसऱ्या तासाचं, एक मधल्या सुट्टीनंतरचं. एका चिठ्ठीवर रोज ०, १, २, ३ असे आकडे टाकायला मिनिटभर लागतं. मोठ्या प्रश्नावल्यांमध्येही पद्धत हीच असते. स्नॅप किंवा व्हँडरबिल्टमध्ये लक्ष न लागण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावळेपणाची ९ अशी १८ लक्षणं असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण; इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. इथे एक गोष्ट तुम्हीही जाणून घ्या. ४० चे ३० झाले की आकड्यात २५ टक्के सुधारणा होते आणि सगळे समाधान मानतात, पण ३० गुणांचा मुलगा अजूनही रोज वर्गाबाहेर उभा असतो. एका लक्षणाला सरासरी १ किंवा त्याहून कमी, म्हणजे एकूण १८ च्या आत, तिथे पोचायचा प्रयत्न करायचा असतो. ‘थोडा फरक आहे’ यावर थांबून वर्षानुवर्षं अपुऱ्या डोसवर राहिलेली मुलं मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं. औषधाचा त्रास थोडा का होईना सोसतात आणि फायदा पुरता मिळत नाही.

औषध सुरू आहे हे बाईंना माहीत असू द्या. पण डोस कोणत्या दिवशी वाढवला ते, त्यांची हरकत नसेल तर, आठवडाभर सांगू नका. माणसाला जे अपेक्षित असतं ते दिसतं, तुम्हालाही आणि मलाही. आणखी एक फसगत असते: पहिल्यांदा प्रश्नावली भरताना पालक वर्षभराचं साठलेलं सगळं ओततात, दुसऱ्यांदा काहीही औषध न देता गुण कमी येतात. म्हणून सुरू करण्याआधी ती दोनदा भरून घ्यावी. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली, तरी डॉक्टर हो म्हणाले तर दोन-तीन शाळेचे दिवस गोळी न देता नोंद घेता येईल. आणि या काळात दुसरं काही बदलू नका. नवी शिकवणी, बाकाची जागा, टॉनिक, सगळं एकदम केलं की श्रेय कशाला द्यायचं ते कळत नाही. घटक चाचणी, गणपतीचे दिवस, दिवाळीची सुट्टी हे आठवडे नोंदीसाठी धरू नका. बागेत छाटणीची धांदल असेल तर ते दिवसही टाळा, कारण घरात बघायलाच कुणी नसतं.

इतकं सांगण्यामागे आधार आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी पहिल्यांदा ३० मुलांना बेन्झेड्रिन हे याच जातीचं औषध देऊन बघितलं, तेव्हाही सगळ्यात ठळक फरक नोंदला गेला तो वर्गातल्या कामात. पुढे १९९९ मध्ये एमटीए या, एडीएचडीच्या उपचारांची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. त्यात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं १४ महिने होती. एका गटाला अभ्यासातल्या डॉक्टरांनी औषध दिलं; दुसरा गट आपापल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला, त्यातल्याही सुमारे दोनतृतीयांश मुलांना औषध मिळालंच होतं. तरी पहिल्या गटाची लक्षणं स्पष्टपणे जास्त कमी झाली. तिथे डोस पायरीपायरीनं शोधला होता, दिवसातून साधारण तीनदा दिला जात होता, दर महिन्याला सविस्तर भेट होती आणि शाळेकडून माहिती मागवली जात होती. बाहेर डोस कमी आणि भेटी थोड्या. माझ्या मते पालकांनी त्या अभ्यासातून हेच घ्यावं.

मात्र एक गैरसमज आधीच काढते, कारण हे पालकांकडून आणि कधीकधी डॉक्टरांकडूनही ऐकते: ‘गोळी देऊन बघू, फरक पडला तर एडीएचडी आहे.’ असं होत नाही. ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एडीएचडी नसलेल्या मुलांना याच जातीचं औषध, डेक्स्ट्रोअँफेटामिन, दिलं होतं. त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्षही वाढलं. गुण आला म्हणून निदान पक्कं होत नाही, तसाच गुण आला नाही म्हणून ते खोटंही ठरत नाही. पहिल्या औषधाला साधारण १० पैकी ७ मुलं चांगला प्रतिसाद देतात. आणि लक्ष लागायला लागलं तरी वाचताना अक्षरं जुळतच नसतील, तर वाचनाची अडचण स्वतंत्रपणे तपासून घ्यावी लागते. गोळी बसवते, शिकवत नाही.

चिडचिडीचंही घड्याळ असतं. गोळीनंतर एक-दोन तासांनी मुलगा रडवेला, चिडका होत असेल तर डोस जास्त होतोय किंवा औषध सोसत नाहीये. चार-पाच तासांनी, औषध उतरताना अर्धा-पाऊण तास उसळत असेल तर तो उताराचा त्रास, त्यावर वेळ किंवा गोळीचा प्रकार बदलून उपाय होतो. आणि औषधाशी संबंध नसलेल्या वेळी होत असेल तर भूक, झोप, घर, शाळा, तिथे शोधायचं. झोपेची तक्रार सांगताना आधी तो किती वाजता झोपायचा तेही सांगा. यातल्या कितीतरी मुलांची झोप औषधाआधीच बिघडलेली असते.

वजन आणि उंची हे मात्र आठवणीवर सोडू नका. वजन दर तीन महिन्यांनी, त्याच काट्यावर. उंची दर सहा महिन्यांनी. काही वर्षं सलग औषध घेतलेल्या मुलांची उंची सरासरी एक-दोन सेंटिमीटर कमी भरल्याचं दिसलं आहे, म्हणून आलेखावर नजर ठेवावी लागते. नाडी आणि रक्तदाब दर डोसबदलाला बघायचा. साडेसातच्या गोळीनंतर भूक दुपारी बारा-एकनंतर परत यायला हवी, तेव्हा मधल्या सुट्टीत पोषण आहाराची खिचडी तो खातो का तेही बाईंना विचारा. सकाळचं जेवण गोळीआधी आणि रात्री भरपूर, एवढ्यानं बहुतेक मुलांचं वजन सावरतं. शेंगदाण्याचा लाडू संध्याकाळी आल्याआल्या हातात द्या, चिडचिड निम्मी त्यानंच जाईल. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, किंवा डोळे-मान उडवण्याचे नवे झटके दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकारानं गेलं असेल तर ते त्यांना सांगितलंय ना, ते आठवून बघा.

व्यसनाची भीती आजींच्या मनात असणार. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या डोसमध्ये तोंडावाटे घेतलेल्या या औषधामुळे मुलं पुढे व्यसनाकडे वळतात असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. तरी गोळ्या कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा.

योग्य वेळी देऊन, डोस दर आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅमनं वाढवत, सोसेल तिथपर्यंत जाऊनही वहीत आणि बाईंच्या चिठ्ठीत काहीच हललं नाही, तर मग हे औषध या मुलाचं नाही असं म्हणायचं. आठ वर्षांच्या मुलाला १० मिलिग्रॅम म्हणजे सुरुवातीचाच टप्पा, तिथून असा निकाल देता येत नाही. त्यानंतर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी औषधं आहेत, पण त्यांचा हिशोब निराळा: ती तासांत नाही, चार-सहा आठवड्यांत काम करतात, तिथे मग रोजच्या घड्याळाऐवजी आठवड्यांची नोंद लागते. आणि गुण चांगला आला तरी वर्षातून एकदा, परीक्षा नसताना, काही दिवस बिनगोळीचे ठेवून अजून गरज आहे का ते बघायचं, डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि बाईंना नोंद ठेवायला सांगून.

पुढच्या भेटीला जाताना बाईंच्या चिठ्ठ्या, गणिताची आणि मराठीची वही, तुमची रविवारची नोंद आणि गोळी रोज किती वाजता दिली त्याचा कागद घेऊन जा. जमलं तर आजींना बरोबर न्या आणि डॉक्टरांशी त्यांनाच बोलू द्या. पाकिटात किती गोळ्या उरल्यात तेही मोजून जा: हे औषध शेड्यूल एक्समध्ये येतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि वेगळा परवाना असलेल्याच दुकानात मिळतं. तासगावात न मिळाल्यास सांगली-मिरजेला यावं लागेल, आणि मधले चार दिवस गोळी चुकली तर त्या आठवड्याची नोंद वाया जाईल.